यादीतले एकतीस मयत

"आप्पा, स्पष्टच सांगते. तुमचं केंद्र बंद होणार," सुलक्षणा म्हणाली.

आप्पांनी कुबडी भिंतीला टेकवली आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. शिक्रापूरच्या या शेडमध्ये आसपासच्या गावांतली अपंग माणसं गाड्यांच्या वायरी बांधायची. केंद्र आप्पांनीच उभं केलेलं. सुलक्षणा पुण्याच्या सरकारी खात्यातून एवढंच तपासायला आली होती, की लोकांना काम दिल्यामुळे सरकारची अपंग पेन्शन किती वाचली? वाचली नसेल, तर केंद्राचं अनुदान बंद. असले हिशेब एसीच्या खोलीत बसूनच सुचतात.

"कामामुळे पेन्शन सुटलेला एकही माणूस कागदावर नाही," ती म्हणाली.

"एकबी न्हाई?" आप्पांचा चेहरा पडला. दोन वर्षं त्यांनी या शेडपायी रक्त आटवलं होतं.

"एकतीस पेन्शनी बंद झाल्यात, पण त्या मयतांच्या. वर्षाचे हयातीचे दाखले आले नाहीत, म्हणून पेन्शन कचेरीनं मयत लिहून खाती बंद केली. ती बचत तुमच्या नावावर कशी धरू?"

"नावं तर वाचा."

"पहिलंच बघा. रोहिदास हरिबा कोकरे."

आप्पांना जोराचा ठसका लागला. चहा सदऱ्यावर सांडला.

"ओळखीचे होते?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"लई जवळचा. हट्टी माणूस. काम लागलं त्या दिवशी म्हणला, आता पेन्शनीसाठी कचेरीची पायरी चढायची न्हाई, आपलं आपण कमवून खाऊ."

"कशानं गेले?"

"आमाला तर आत्ताच कळतंय, मॅडम."

सुलक्षणाला खरोखर वाईट वाटलं. तिनं पुढची नावं हळू वाचली. नकुशी, गीताबाई, शंकरराव... प्रत्येक नावाला आप्पा मान हलवत होते. मध्येच त्यांनी उपरण्यानं तोंड झाकून घेतलं, खांदे हलायला लागले. रडू द्यावं म्हणून ती थोडी थांबली.

शेवटी तिनं अहवाल पुढं केला. "केंद्रप्रमुख म्हणून इथं सही लागेल. पूर्ण नावानं."

आप्पांनी डोळे पुसले आणि सावकाश, ठसठशीत सही केली. सुलक्षणानं ती वाचली. मग यादीचं पहिलं नाव वाचलं. मग पुन्हा सही.

आप्पांनी कुबडी घेतली आणि शेडचं दार सताड उघडलं. आतून हसण्याखिदळण्याचा गलका आला.

"बाकीचे तीस जण हितं जेवाया बसल्यात," ते म्हणाले. "या, दोन घास खा, आन् त्यांच्याबी सह्या घ्या."