डाव्या हाताची चित्रं

"डाव्या हाताने काढा," शैला मॅडम म्हणाल्या, "म्हणजे मुलांनी काढल्यासारखं वाटेल."

वर्गात शेवटच्या वर्षाचे एकोणीस जण होते. वर्षभरात पदवी घेऊन सगळे कुठल्या ना कुठल्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होणार होते. उद्या कॉलेज तपासायला समिती येणार होती. कॉलेजने कलाशिक्षकांच्या प्रशिक्षणात सुधारणा केली होती. नव्या अभ्यासक्रमात मुलांना मोकळेपणाने चित्रं काढू द्यायची होती. मुलं तशी काढतायत, हे भिंतीवर दिसायला हवं होतं.

मानसीकडे तशी चित्रं होती. दीड महिना ती मोरव्याच्या शाळेत सरावपाठ घेत होती. चौथीच्या मुलांनी काढलेली बेचाळीस चित्रं तिने गुंडाळी करून आणली होती. वरचंच चित्र अनुष्काचं. पानभर एक निळा टँकर आणि त्याच्याभोवती नुसते हंडे, कॅन, बादल्या.

"माणसं नाही काढलीस?" मानसीने तिला विचारलं होतं.

"माणसं भांडतायत," अनुष्का म्हणाली होती. "ती कागदाच्या भायेर हायत."

त्या रात्री मानसीने ते वाक्य वहीत लिहून ठेवलं होतं.

शैला मॅडमनी गुंडाळी उलगडली, तीन-चार चित्रं पाहिली आणि परत गुंडाळली.

"हे काय लावायचं? घाण दिसतं सगळं. समितीला काहीतरी प्रेझेंटेबल हवं. डोंगर, झोपडी, झाड. प्रत्येकी तीन चित्रं. खाली मुलाचं नाव, इयत्ता. अक्षरही जरा वेडंवाकडं काढा."

"पण मॅडम, ही खरी आहेत."

"तुझे इंटर्नलचे मार्क माझ्याकडे आहेत, तेही खरेच आहेत."

कुणीतरी हसलं. एकोणीस जणांनी खडू डाव्या हातात घेतले. मानसीनेही घेतला. तिने डोंगर काढले, झोपडी काढली, झाड काढता काढता हात दुखला म्हणून हात बदलला. खाली लिहिलं, अनुष्का, इयत्ता चौथी. अक्षरही वेडंवाकडं काढलं.

दुसऱ्या दिवशी समितीचे तिघे आले. प्रमुख होते गुरव सर, तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ते भिंतीसमोरून सावकाश फिरले, मान डोलावत.

"मुलाचा हात लगेच ओळखू येतो," समितीतल्या एक बाई म्हणाल्या. "काय निरागसपणा आहे!"

शैला मॅडम लाजल्या. मग सगळे खाण्याच्या टेबलाकडे वळले. ते मॅडमनी स्वतः मांडलं होतं. ताटांत जाड कागद अंथरून त्यावर समोसे ठेवले होते. मानसी पाणी द्यायला पुढे गेली. एका कागदाची कड वर आली होती आणि तिथे निळा खडू तेलात विरघळत होता. बाईंनी समोसा उचलला, त्याच्या बुडाला निळं लागलं होतं. त्यांनी ते बोटाने पुसलं आणि बोट त्याच कागदाला पुसलं.

मानसीने पाण्याचा जग खाली ठेवला.

"सर, भिंतीवरची चित्रं मुलांची नाहीत," ती म्हणाली. "आम्ही काढलीत. ते अनुष्काच्या नावाचं, झोपडीचं, मी काढलंय. मुलांची चित्रं तुमच्या समोशांखाली आहेत."



शैला मॅडम मोठ्याने हसल्या. "आमची मानसी ना, नाटकात पण असते." बाईही हसल्या. तिसऱ्या सदस्याने चटणी मागितली. मॅडमनी वाटी पुढे सरकवली आणि टेबलावरची बोलणी पुन्हा सुरू झाली, यंदा जागा किती वाढवून मिळतील याची.

गुरव सरांनी मात्र हात पुसले. ते उठून भिंतीपाशी गेले आणि त्या झोपडीच्या चित्रासमोर उभे राहिले. मानसी त्यांच्या मागोमाग गेली. त्यांनी चष्मा वर करून चित्र जवळून पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, काखेतला अहवाल भिंतीला टेकवून 'अत्यंत समाधानकारक' असं लिहिलं आणि सही केली.

"झोपडी छान वाकडी आलीय," ते हळूच म्हणाले. "झाडाला मात्र उजवा हात लागलाय. आमच्या वेळी आम्ही एवढा कंटाळा करत नव्हतो."