मापासाठी हात

प्राध्यापक गुडघ्यांवर बसले तेव्हा वहिनींना वाटलं, भावाच्या आठवणीने बसले. दरड कोसळली त्या पहाटे त्यांचा भाऊ याच स्वयंपाकघराच्या भिंतीखाली गाडला गेला होता. पण प्राध्यापकांनी खिशातून भिंग काढलं.

"वहिनी, इथे पाय देऊ नका."

"भावोजी, माझं स्वयंपाकघर आहे ते."

"होतं," प्राध्यापक म्हणाले आणि भिंग डोळ्याला लावलं.

वहिनींनी त्यांना एकाच वाक्यासाठी बोलावलं होतं. आज तपासणी अधिकारी येणार होते. या जागेवर पुन्हा घर बांधू द्यायचं की नाही, ते ठरणार होतं. शिकलेला माणूस शेजारी उभा राहून 'जमीन आता पक्की आहे' एवढं म्हणाला तरी फरक पडतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तोवर त्या मदत छावणीत पत्र्याच्या खोलीत राहत होत्या, आजारी सासऱ्यांना घेऊन. सासरे म्हणजे प्राध्यापकांचेच वडील. पण प्राध्यापकांच्या फ्लॅटमध्ये पुस्तकं फार होती.

"बाबा रोज विचारतात, घरी कधी जायचं," वहिनी म्हणाल्या.

"खोड बघा. चौकोनी आहे." प्राध्यापक आणखी खाली वाकले. "पानं समोरासमोर, कडा करवतीसारख्या. हे मी आजवर फक्त वाळवलेलं पाहिलंय, कागदावर चिकटवलेलं. जिवंत पाहिलेला माणूस आज हयात नाही. स्क्रोफुलेरिया."

"रोगाचं नाव वाटतं."

"रोगावरूनच पडलंय. गळ्याला गाठी यायच्या, त्याच्यावरून."

ओट्याखालच्या भेगेतून ते कमरेएवढं वर आलं होतं. खाली कुठेतरी पाणी टपटपत होतं. फुलं वाटाण्याएवढी, वाळलेल्या रक्ताच्या रंगाची. प्राध्यापकांनी एक पान चुरगळून वहिनींच्या नाकाशी धरलं. कुजका वास आला. ढिगारा उपसला त्या आठवड्यातला वास वहिनींच्या ओळखीचा होता. त्यांनी तोंड फिरवलं.

"मधमाश्या फारशा फिरकत नाहीत. गांधीलमाश्या येतात," प्राध्यापक खुशीत म्हणाले. "पुंकेसर पाच. चार कामाचे."

"आणि पाचवा?"

"तो काही करत नाही. नुसता वर उभा असतो."

तेवढ्यात अधिकारी आले. ते ढिगाऱ्यावर चढून वर उभे राहिले.

प्राध्यापकांनी भिंग खाली ठेवलं, हात झटकले आणि वहिनींच्या शेजारी येऊन उभे राहिले. वहिनींनी पदर सारखा केला. प्राध्यापक बोलले. जमीन पक्की असण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. सावली, मातीतला चुना, सतत झिरपणारं पाणी आणि माणसांची वर्दळ नसणं, या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय हे झाड येत नाही, असं त्यांनी सांगितलं. चौथी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

अधिकाऱ्यांचा चेहरा उजळला. ही जागा परत न देण्यासाठी त्यांना बरेच दिवस एक सभ्य कारण हवं होतं.

"दुर्मीळ म्हणता?"

"एकमेव."

"मग प्रश्नच मिटला. कुंपण घालू. झाड जिवंत आहे तोवर इथे एक वीटसुद्धा रचता येणार नाही." त्यांनी वहिनींकडे वळून पाहिलं. "अभिमानाची गोष्ट आहे, बाई. तुमच्या घरात आलंय."

"पाणी कुठून येतं इथे?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"झरा असावा. बारमाही," प्राध्यापक म्हणाले.

"झरा कसला, भावोजी. ओट्याखालचा पाइप आहे तो," वहिनी म्हणाल्या. "गळतोय, गळतोय म्हणून यांच्या किती मागे लागले होते. मागचा कॉक बंद करायचा तर तो गंजून बसलाय, म्हणायचे. रविवारी बघतो."

अधिकारी थांबले. "पाणी अजून चालू आहे?"

"जोडणी तोडायचा अर्ज घरमालकाच्या, म्हणजे यांच्याच, सहीने लागतो, असं तुमच्याच ऑफिसात सांगितलं."

यावर अधिकाऱ्यांना घड्याळ बघावंसं वाटलं. ते गेले.

प्राध्यापक पुन्हा गुडघ्यांवर बसले आणि वहीत लिहू लागले. "झराच लिहितो, वहिनी. पाइप बरा दिसत नाही."

वहिनींनी झाडाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पाण्यावाचून किती दिवस तग धरतं हे?"

"या उन्हात? आठवडाभर काढला तरी पुष्कळ. का हो?"

"सहज."

त्या पडक्या भिंतीला वळसा घालून मागे गेल्या. प्राध्यापक लिहीत होते: निर्मनुष्य, ओलसर, शांत. मागे लोखंड दगडावर घासल्यासारखा आवाज झाला. थांबला. पुन्हा झाला, या वेळी जास्त वेळ. वहिनी परत आल्या तेव्हा त्यांचा श्वास लागला होता.

"आता फोटो," प्राध्यापक म्हणाले. "फुटपट्टी विसरलो बघा. वहिनी, जरा हात धरा झाडाशेजारी. मापासाठी. तळवा माझ्याकडे, बोटं सरळ."

वहिनींनी हात धरला. प्राध्यापकांनी फोटो काढला, मोठा करून पाहिला. पानांच्या कडा स्वच्छ आल्या होत्या, फुलंसुद्धा. ओट्याखाली आता काहीही वाजत नव्हतं.

"तळव्याला काय लागलंय हे लाल?"

"गंज."

"असू दे," प्राध्यापक म्हणाले. "मापाला काही फरक पडत नाही."