चेहरा नसलेला फोटो

आपल्यासारख्या अंगाने भरलेल्या मुलींना शोभेल असा ड्रेस ती मोबाइलवर शोधत होती. एक निळा आवडला, म्हणून खालचे अभिप्राय वाचू लागली. एका बाईने आरशातला स्वतःचा फोटो टाकला होता, चेहरा कापून. खाली लिहिलं होतं, “मला बरा दिसतो का? घरात कोणी धड सांगत नाही.” आरशाला तडा होता, त्यावर खाकी चिकटपट्टी. तिने मान वर केली. समोर तोच आरसा होता. काल आईने हेच विचारलं होतं, तेव्हा मान वर न करताच ती म्हणाली होती, “आई, तू काहीही घाल, पिंपच दिसणार.” ती बाहेर धावली. आई खोक्यावर चिकटपट्टी लावत होती. “अगं, परत नको पाठवूस! छान दिसतो तुला.” “राहू दे गं,” आई पट्टी दातांनी तोडत म्हणाली, “काल बोललीस तेच खरं.”