मावशींचं कार्ड

विसरलेला चष्मा. थरथरणारा अंगठा. प्रत्येक बटण तीनदा दाबायची खोड.

हे सगळं डिझायनरने मनानेच रचलं होतं. वेबसाइट कुणासाठी बनवायची ते विसरू नये, म्हणून ‘मावशी’ नावाच्या काल्पनिक बाईचं कार्ड तिने भिंतीवर डकवलं होतं.

दुपारी वेबसाइट लोकांना खुली व्हायची होती. तरी पानावर कुठे क्लिक झालं ते दाखवणाऱ्या नोंदींत सकाळपासूनच तीन-तीन ठिपके उमटत होते.

“तुझ्या मावशी कामाला लागल्या गं!” शेजारचा प्रोग्रामर हसला.

“गप रे, तूच दाबतोयस.”

त्याने दोन्ही हात वर केले. तीन ठिपके उमटले.

तिने कार्ड टराटरा फाडलं.

ठिपके पानाच्या रिकाम्या कोपऱ्यात सरकले. तीन. पुन्हा तीन. मग न थांबता.

त्या कोपऱ्यातलं ‘बाहेर पडा’चं बटण साहेबांच्या सांगण्यावरून तिने सोमवारीच काढलं होतं.