ही पाटी खरी आहे

“खाऊ नकोस! विष आहे!” एलीहियोकाका बनियनवरच अंगणात धावले.

कुंपणापलीकडे शेजारची यूदेल्का उभी होती. तिला आठवा महिना. डाव्या तळहातावर मीठ, उजव्या हातात काकांच्या झाडाची कैरी. तिने झाडाला टांगलेल्या पाटीकडे पाहिलं. पाटीवर एक कवटी आणि खाली: ‘फवारलेलं आहे. खाल तर मराल.’

“माहितीय, काका. अक्षरं जोडायला मी याच पाटीवर शिकले.”

“अगं, तेव्हा खोटं होतं! चोरांसाठी होतं!”

“म्हणजे आमच्याचसाठी.”

“आता खरं आहे. काल जावयाने फवारलं. फळमाशीचं औषध. मला न विचारता, मला खूश करायला. एकवीस दिवस हात लावायचा नाही, डब्यावर लिहिलंय.”

“एकवीस दिवसांनी डोहाळे कोणाला, जावईबापूंना?”

“अल्ताग्रासियामातेची शपथ!”

“मागच्या वर्षीही तीच होती!” स्वयंपाकघरातून यूदेल्काची आई ओरडली.

काका धावत जाऊन चुलीतला कोळसा घेऊन आले. कवटीच्या वर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘खरंच.’

यूदेल्काने तेही वाचलं. मग कैरी गाऊनला पुसली आणि मिठात बुडवली.

तेवढ्यात भोंगा लावलेली भाजीची गाडी गल्लीत शिरली. कांदे, केळी, आंबे. दारोदारी आंब्याची झाडं असलेल्या बानी गावात जून महिन्यात आंबा विकत घेणारा माणूस अजून जन्मला नव्हता. गाडीवाला आपला सवयीने ओरडायचा. काका रस्त्याच्या मधोमध उभे राहिले.

“डझनभर दे. कच्चे बघून.”

गाडीवाल्याने भोंगा बंद केला. “काका, झाड मेलं का?”

“नाही.”

“मग काकू?”

“आंबे दे म्हटलं ना!”

गल्लीतली माणसं दारात आली. एलीहियोने आंबे विकत घेतले, ही बातमी शेवटच्या घरापर्यंत पोचली तेव्हा काका अजून पैसेच देत होते.

यूदेल्काचा हात ओठांपाशी थांबला होता. तिने कैरी हळूच कुंपणाच्या खांबावर ठेवली, मीठ झटकलं आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरले.

“आई,” ती म्हणाली, “साबण आण. खरंच औषध मारलंय.”

“कालपासून किती खाल्ल्यास?” काकांनी कुंपणापाशी येऊन विचारलं.

“ही पहिलीच होती.”

काका खांबाला टेकले. तिने हात धुतले, पुन्हा धुतले. मग काकांनी विकतच्या कैऱ्यांची पिशवी कुंपणावरून पुढे केली.

“घे, पोरी. या खा पोटभर.”

तिने एक कैरी उचलली, नाकाशी नेली आणि काकांकडे पाहिलं.

“यावर काय मारलंय?”

काकांनी कैरी तिच्या हातातून घेतली. उलटीसुलटी करून पाहिली, देठापाशी पाहिली. पाटी कुठेच नव्हती.