ऐकायचा डबा

वादळाने उतुआदो गावचा पूल नेला, फोनच्या तारा नेल्या आणि हौशी रेडिओवाल्या एरिबेर्तोचा बोलायचा रेडिओ चिखलात गाडला. उरला तो हातात मावणारा, नुसता ऐकायचा. डोक्यावरून अंतराळ स्थानक जायची वेळ झाली, तसा तो छपरावर चढला. रेडिओवाल्यांनी स्थानकाकडे पाठवलेला आवाज तिथून परत खाली येतो आणि साऱ्या बेटावर ऐकू येतो. त्यात पोन्से शहरातून लेक नोएलिया, तीही रेडिओवालीच, बोलली, तर ती वाचली म्हणायची.

खरखर झाली, माणसं बोलू लागली. मग कुणीतरी त्याचंच नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. त्यानंतर चिडीचूप.

"मेली वाटतं बॅटरी!" त्याने रेडिओवर थापा मारल्या.

"म्हाताऱ्या, दिवा लागलाय की त्याचा," बायको खालून म्हणाली.

इतक्यात नोएलियाचा आवाज आला. "आभारी आहे सगळ्यांची..."

"पोरगी जिवंत आहे गं!"

"...बाबांसाठी मिनिटभर सगळे गप्प राहिलात."

गेलेल्या रेडिओवाल्याला असाच निरोप देतात. एरिबेर्तोने स्वतः कितीजणांना दिला होता.

"अगं, आहे मी! आहे!" त्या ऐकायच्या डब्याला तोंड लावून तो ओरडत राहिला, स्थानक डोंगराआड जाईपर्यंत.