डावीकडचा कफ

बंडगरआजोबांच्या छातीभोवती बांधलेलं यांत्रिक जॅकेट कफ सुटावा म्हणून त्यांची पाठ थोपटत होतं. फिजिओथेरपिस्ट वसुधाताईंनी त्याच्या कडेखालून स्टेथोस्कोप सरकवला. उजवं फुफ्फुस मोकळं होतं, पण डावीकडे खाली कफ तसाच घरघरत होता. सकाळपासूनचा हा सहावा पेशंट, आणि सहाही जणांचा कफ त्याच जागी अडकलेला.

"ताई, तुम्हीच हातानं काढा की," आजोबा धापा टाकत म्हणाले. "मागल्या खेपेला दोन दिवसांत मोकळा केला होतात."

"जॅकेट आता आम्हाला उघडता येत नाही, आजोबा. छाती साफ झाली असं त्याला वाटलं की ते आपलं आपण उघडतं. वरून थोपटलं तर आत पोचत नाही."

त्यांनी डॉक्टर निंबकरांना फोन लावला. "सर, ही जॅकेटं डावीकडे खाली कमी थोपटतायत. सगळीच."

"सगळी कशी चुकतील? राज्यभर हीच आहेत. आणि तुमच्याच हातावरून शिकलीत ना ती?"

शिकली होती खरी. सहा वर्षांपूर्वी महिनाभर सेन्सरचे हातमोजे घालून वसुधाताईंनी पेशंटांच्या पाठी थोपटल्या होत्या. त्याच महिन्यात त्यांचं मनगट मुरगळलं होतं, डावीकडे खाली थोपटताना कळ यायची, तरी सुट्टी न घेता त्यांनी काम रेटलं. मनगट केव्हाच बरं झालं.

त्यांनी जॅकेटवर तळवा ठेवला. ठोके त्यांचेच होते. डावीकडे खाली आले की ते हलके होत होते, मनगट जपत.

"तिथं जरा जोरात, ताई," आजोबा डोळे मिटून म्हणाले.